शृंगाराचे स्वामित्व

काही प्रश्न असे असतात की, त्यांच्याविषयी मौन पाळणे हेच सुशिक्षित घरांत सभ्यतेचे लक्षण मानले जाते. भोजनातील रुची, वस्त्राचा पोत, गवयाची एखादी हरकत यांविषयी आमच्या वर्गातील मंडळी तासन् तास बोलतील. परंतु शृंगाराची करमणूक कोणी करावी, कोणासाठी करावी आणि तिच्यापासून होणाऱ्या आनंदावर हक्क कोणाचा, हा विषय निघाला की बैठकीत शांतता पसरते आणि वडीलधारी माणसे वर्तमानपत्रात डोके घालतात. मौनाने प्रश्न सुटत असता तर आम्हीही मौनच पत्करले असते. परंतु हा प्रश्न आता उंबरठ्याबाहेर राहिलेला नाही. हातातल्या मोबाईलच्या वाटेने तो माजघरात आला आहे, आणि विशेष हे की, ज्या स्त्रियांच्या नावाने हे मौन पाळले जात होते त्याच स्त्रिया आता या करमणुकीच्या प्रेक्षक म्हणून, आणि काही ठिकाणी निर्मात्या म्हणूनही, पुढे येत आहेत. अशा वेळी विचारी माणसाने नाक मुरडून बाजूस होणे हे आम्हांस पळपुटेपणाचे वाटते.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम नीट मांडले पाहिजे. शृंगारप्रधान करमणूक आजवर बहुतांशी पुरुषांनी पुरुषांसाठी चालविली, आणि तीत स्त्री ही केवळ पाहण्याची वस्तू झाली, असा आक्षेप स्त्रीवादी विचारवंतांनी घेतला आणि तो यथार्थ आहे. आता त्याच करमणुकीची सूत्रे स्त्रियांनी हाती घेतली, ती स्त्रियांच्या रुचीप्रमाणे रचली आणि स्त्रियांनीच तिचा आस्वाद घेतला, तर तिच्यातील दोष नाहीसा होतो काय? भोक्ता बदलल्याने भोग निर्दोष होतो काय? प्रस्तुत लेखात आम्हांस एवढ्याच प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे.

पाश्चात्य देशांत या प्रयत्नाला चाळीस वर्षे होऊन गेली. कॅन्डिडा रॉयल या बाई आरंभी अशा चित्रपटांत नटी म्हणून काम करीत. त्यांनी १९८४ साली न्यूयॉर्क येथे 'फेम प्रॉडक्शन्स' ही संस्था काढून स्त्रीचे सुख, तिची इच्छा आणि तिची दृष्टी यांना मध्यभागी ठेवणारे चित्रपट निर्माण करण्यास सुरुवात केली. पुढे २००४ च्या सुमारास, स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि बार्सिलोना येथे स्थायिक झालेल्या एरिका लस्ट यांनी तोच मार्ग धरला. २००६ पासून टोरांटो शहरात अशा चित्रपटांना पारितोषिके देण्याचा उपक्रमही काही वर्षे चालला. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे की, दोष शृंगारात नाही, तो दाखविण्याच्या रीतीत आणि धंद्याच्या व्यवस्थेत आहे. काम करणारीला योग्य मोबदला मिळावा, तिच्या संमतीवाचून काही घडू नये, आणि पडद्यावरील स्त्रीला स्वतःची इच्छा असावी, म्हणजे झाले.

याच्या उलट अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरीन मॅकिनन या दोन अमेरिकन विदुषींनी असा पक्ष मांडला की, हा सर्व व्यवहारच स्त्रीच्या दास्यावर उभारलेला आहे, त्यात सुधारणा करणे म्हणजे बेडीला चांदीचा मुलामा देणे होय. त्यांनी १९८३ साली मिनिआपोलिस शहरासाठी एका कायद्याचा मसुदा केला; तो तेथील महापौरांनी नामंजूर केला. इंडियानापोलिस शहराने तसाच कायदा १९८४ साली संमत केला, परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून न्यायालयांनी तो रद्द ठरविला. म्हणजे स्त्रीच्या हिताची तळमळ दोन्ही पक्षांस सारखीच, आणि निष्कर्ष मात्र पूर्व-पश्चिम! असे जेव्हा घडते, तेव्हा प्रश्न बहुधा चुकीच्या टोकाकडून धरलेला असतो. तो योग्य टोकाकडून धरण्यासाठी आम्हांस आमच्या मराठी मुलखाचा इतिहास अधिक उपयोगी वाटतो.

येथे पहिलाच पूर्वपक्ष उभा राहील. कोणी म्हणेल, "ही सारी परदेशी थेरे, आमच्या संस्कृतीत कुलस्त्रीचा आणि शृंगाराच्या करमणुकीचा संबंध नव्हता." हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. महाराष्ट्राच्या वाङ्मयाचा उगम आपण अभिमानाने हालसातवाहनाच्या 'गाथासप्तशती'पर्यंत नेतो. महाराष्ट्री प्राकृतातील त्या सातशे गाथांत घरोघरीच्या गृहिणी, त्यांच्या सख्या, आत्या आणि सासवा आपल्या इच्छेविषयी, रुसव्याविषयी आणि चोरट्या भेटींविषयी इतक्या मोकळेपणाने बोलतात की, आजची एखादी पदवीधर तरुणीही क्षणभर संकोचेल. टीकाकारांनी त्यांतील काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावावर नोंदविल्या आहेत. स. आ. जोगळेकर यांनी हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह १९५६ साली पुण्यातूनच मराठी वाचकांपुढे ठेवला आणि त्यामुळे कोणाचे घर बुडाले नाही.

ग्रंथ राहू द्या. आमच्या नारायण पेठेतील जुन्या वाड्यांचीच गोष्ट घ्या. श्रावणातील मंगळागौरीच्या जागरणाला पुरुषांनी तिकडे फिरकू नये असा दंडक असे. त्या रात्री झिम्मा, फुगड्या, पिंगा, आगोटापागोटा यांच्या जोडीला जी सोंगे निघत, जे उखाणे घेतले जात, नवऱ्यांच्या आणि सासऱ्यांच्या ज्या नकला होत, त्यांत सूचक शृंगाराची फोडणी चांगली सढळ हाताने पडत असे. लग्नात विहिणीवर रचलेल्या गाण्यांतही हाच प्रकार. ही स्त्रियांनी स्त्रियांसाठी केलेली प्रौढ करमणूकच होती. तिला कोणी तसे नाव दिले नाही, इतकेच. तिच्यात पाहणारी आणि करणारी या एकाच घरच्या, एकाच पंक्तीला बसणाऱ्या. आत्ता जी टाळ्या पिटते तीच क्षणाने पदर खोचून रिंगणात उतरते. आणि जिला नको वाटेल ती भिंतीला टेकून बसून राहिली तरी तिला कोणी ओढून नेत नाही. हा शेवटचा विशेष वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील विवेचनाचा सगळा भार त्याच्यावरच आहे.

परंतु घराबाहेरच्या शृंगाराचा इतिहास निराळा आहे. उत्तर पेशवाईत लावणी भरास आली. तिच्यात बोलते ती बहुधा स्त्री. विरहाने झुरते ती स्त्री. प्रियकराला रंगमहालात बोलावते ती स्त्री. पण ती लावणी रचली रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या पुरुषांनी. फडात ती नाचून दाखविली ती पुष्कळदा स्त्रीवेष घेतलेल्या नाच्या पोऱ्याने. आणि ऐकली तीही पुरुषांनीच. एवढ्या थोर शाहिरांच्या प्रतिभेला उणेपणा आणावा असा आमचा हेतू नाही. स्त्रीच्या अंतःकरणात त्यांनी जो प्रवेश केला तो पाहून मन थक्क होते. तथापि ज्या मैफलीत स्त्रीची इच्छा हाच विषय, त्या मैफलीत प्रत्यक्ष स्त्रीला कोणतेच आसन नव्हते, ही गोष्ट विसरता येत नाही.

रंगभूमीचेही तेच. बालगंधर्वांनी सुभद्रा, भामिनी, सिंधू रंगभूमीवर आणल्या आणि पुण्या-मुंबईच्या कुलीन स्त्रिया त्यांचे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांचे गजरे यांचे अनुकरण करू लागल्या. स्त्रीने सुंदर कसे दिसावे याचा धडा स्त्रियांनी पुरुषाकडून घ्यावा, हा जगाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय. आणखी एक उदाहरण घेतो. कामविज्ञानाचे शिक्षण मराठी समाजाला देण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ सालच्या जुलैपासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, हे त्यांनी जितक्या निर्भयपणे सांगितले तितके त्या काळी दुसऱ्या कोणी सांगितले नसेल. तरीही त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र चित्र येई ते स्त्रीचे. आणि त्यातील 'शारदेची पत्रे' लिहिणारी शारदा म्हणजे स्वतः कर्वेच. म्हणजे स्त्रीची बाजू घेणारा एवढा कट्टर सुधारकसुद्धा स्त्रीचा आवाज स्वतःच काढीत होता.

स्त्रीने स्वतः तोंड उघडल्यावर काय झाले, हे १९३३ साली दिसले. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित राहिलेल्या मुलींनाही मन आणि शरीर असते, एवढेच त्या कथांनी संयत भाषेत सांगितले होते. शाहिरांची लावणी गुणगुणणाऱ्या पुण्याला तेवढेही सोसवले नाही, आणि लेखिकेचा शोध एखाद्या गुन्हेगाराप्रमाणे सुरू झाला. होनाजीने रचलेली विरहिणी चालते आणि बाळूताई खरे यांनी लिहिलेली चालत नाही, यावरून लोकांचा आक्षेप शृंगाराला नव्हता हे उघड होते. आक्षेप होता तो स्वामित्वाला. स्त्रीच्या इच्छेचे वर्णन तिच्या मालकाने केले म्हणजे ते काव्य, आणि तिने केले म्हणजे तो बोभाटा!

काळ मात्र थांबत नाही. लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ साली निघाली, तेव्हा तेथील इंग्रजी पद्धतीच्या शिक्षणावर 'केसरी'ने कडाडून टीका केली होती. असल्या शिक्षणाने मुली बिघडतील हा धाक तेव्हा घरोघरी होता. त्याच शाळेत पुढे शिकलेल्या शांता शेळके यांनी १९६४ सालच्या 'मराठा तितुका मेळवावा' या चित्रपटासाठी एक लावणी लिहिली. तिला चाल लावली 'आनंदघन' हे नाव घेतलेल्या लता मंगेशकरांनी आणि ती गायिली आशा भोसले यांनी. शब्द, स्वर आणि गळा ही तिन्ही स्त्रियांची, असा योग लावणीच्या इतिहासात त्यापूर्वी क्वचितच आला असेल. आणि त्या लावणीतील नायिका सांगते काय? आपण कशिदा काढलेली साडी ती कौतुकाने मिरविते आणि तिला हात लावू पाहणाऱ्यास त्याच ठसक्यात दूर राहावयास सांगते. आपले सौंदर्य दाखविण्याचा हक्क आणि स्पर्श नाकारण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच स्त्रीच्या ठायी नांदू शकतात, हे तत्त्व एवढ्या सहजपणे कोणत्याही प्रबंधात सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही. पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या अरबी कथांचे सोळा खंड काटछाट न करता मराठीत आणले, आणि महर्षी कर्व्यांच्या नातीने हे काम केले म्हणून पुण्याची इमारत कोसळली नाही.

येथपर्यंत कथा सुखान्त दिसते. शृंगाराचा शब्द पुरुषाच्या हातून स्त्रीच्या हाती आला, श्रोत्यांत स्त्रिया येऊन बसल्या, आता दोष कोठे उरला? आमच्या मते खरा प्रश्न येथेच सुरू होतो. कारण लेखणी धरणारी स्त्री आणि खुर्चीवर बसणारी स्त्री यांच्याखेरीज एक तिसरी स्त्री या व्यवहारात आहे, आणि तिचे नाव अद्याप आम्ही घेतलेले नाही. ती म्हणजे पायांत चाळ बांधून प्रत्यक्ष नाचणारी.

ही स्त्री कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी अशा समाजांतून आली. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाईंनी नाव गाजविले त्यानंतर फडांत स्त्रिया वाढत गेल्या. विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ साली राष्ट्रपतींचे पदक मिळाले. भर प्रयोगात दिवस भरले तेव्हा कनातीआड प्रसूत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ही हकीकत लोक कलानिष्ठेचा नमुना म्हणून सांगतात. आम्हांस मात्र ती ऐकताना नेहमी वाटते की, त्या रात्री "आज मी नाचणार नाही" असे म्हणण्याची मुभा त्या माउलीला होती काय, हे कोणीच विचारीत नाही. २००२ साली त्या वारल्या त्या हलाखीत. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार शासनाने त्यांच्यामागे सुरू केला. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे १९९४ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना हेही ठाऊक आहे की, त्या समाजात नाचणारीने लग्न करावयाचे नाही, तिच्या कमाईवर बाप आणि भाऊ यांनी बसून खावयाचे, आणि तिच्या पोराने शाळेत बापाचे नाव काय लावावे या विवंचनेत वाढावयाचे, अशी रूढीच होती. पुणे विद्यापीठातील दिवंगत प्राध्यापिका शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या एका गाजलेल्या निबंधात हीच गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडली: लावणीतील कामुक स्त्री ही निसर्गाने घडविलेली नाही, विशिष्ट जातींच्या स्त्रियांच्या श्रमावर आणि देहावर वरिष्ठांनी चालविलेल्या हक्कातून ती घडली.

राज्यकर्त्यांनी यावर उपाय योजले ते काय? बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली, आणि ती उठली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. २००५ साली महाराष्ट्र सरकारने कायदा करून मद्यगृहांतील नृत्य बंद केले. कारण दिले ते स्त्रीच्या प्रतिष्ठेचे. परंतु त्याच कायद्याने वरच्या दर्जाच्या हॉटेलांना सूट दिली होती! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले; मग २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि २०१९ मध्ये त्याच्याही काही अटी सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. मधल्या काळात हजारो स्त्रियांची भाकरी गेली. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी हे चालले होते, त्यांस कोणी विचारले नाही.

अश्लीलतेविषयीच्या न्यायनिर्णयांकडे पाहिले तरी हेच आढळते. इंग्लंडातील १८६८ सालच्या हिकलिन खटल्यापासून कसोटी अशी चालत आली की, या कृतीने पाहणाऱ्याचे मन बिघडेल काय? आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तीच मान्य केली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'शामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर झालेला खटला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला आणि ते सुटले. तेथेही विचार झाला तो वाचकाच्या मनाचाच. २०१४ मध्ये न्यायालयाने हिकलिनची कसोटी सोडून समकालीन समाजाच्या मापाने पाहण्याचे ठरविले, हे स्वागतार्ह झाले. पण जुनी कसोटी असो वा नवी, दोन्हींचे डोळे प्रेक्षकांकडे लागलेले आहेत. शब्दांनी रचलेल्या कथेपुरते ते ठीक आहे, कारण कथेतील शामेला प्रत्यक्ष देह नाही. जेथे जिवंत माणूस समोर उभे आहे तेथे मात्र, पाहणाऱ्याचे मन बिघडले की नाही याच्याआधी, जिला पाहिले जात आहे तिचे काय झाले, हा प्रश्न यावयास हवा.

२०२३ साली घडलेली एक घटना या ठिकाणी फार बोधप्रद आहे. महाराष्ट्रात अत्यंत लोकप्रिय असलेल्या एका नर्तिकेचे वस्त्रे बदलतानाचे चित्रण कोणी तरी चोरून केले आणि ते सर्वत्र पसरविले; त्याबद्दल पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. त्या वेळी असे म्हणणारे पुष्कळ निघाले की, जी हजारोंच्या समोर तसले नृत्य करते तिला एवढी लाज कसली? हा युक्तिवाद ज्यांना पटला त्यांना आमचा विषयच समजला नाही असे आम्ही म्हणू. देह तोच, पाहणारेही कदाचित तेच. मग फरक कोणता? रंगमंचावर तिने जे दाखविले ते तिने दिलेले होते, आणि कनातीआड जे घेतले गेले ते लुटलेले होते. दान आणि चोरी यांत वस्तू एकच असू शकते. नीतीचा सगळा भेद देणाऱ्याच्या इच्छेत असतो.

तेव्हा आमचा सिद्धान्त असा: शृंगाराच्या करमणुकीची नैतिक पारख ती पाहणारा पुरुष आहे की स्त्री यावरून होत नाही, आणि वस्त्र किती आहे यावरूनही होत नाही. जी ती करमणूक करते तिला "नाही" म्हणता येते काय, आणि तसे म्हटल्यावरही तिची भाकरी आणि तिची इभ्रत शाबूत राहते काय, ही ती पारख होय. मंगळागौरीत भिंतीला टेकून बसलेल्या मुलीला जे सहज लाभत होते ते फडातील स्त्रीला लाभत नव्हते. दोन्ही ठिकाणचा शृंगार कदाचित सारखाच असेल. परंतु एक करमणूक निर्दोष होती आणि दुसरी सदोष.

यावर एक बिकट आक्षेप येईल. "दरिद्री स्त्रीची संमती ही भुकेची संमती, तिला तुम्ही इच्छा कसे म्हणता?" आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून बंदीचा निष्कर्ष कसा निघतो? भुकेने ज्याचे पर्याय हिरावले आहेत, त्याच्या हाती असलेला एकुलता पर्यायही काढून घेणे हे दयेचे काम नव्हे. त्याला दुसरे पर्याय मिळवून देणे हे दयेचे काम. फडातील मुलीला शाळा, म्हातारपणी निर्वाहवेतन, स्वतःच्या कमाईवर स्वतःचा ताबा आणि करारावर स्वतःची सही, एवढे मिळाले तर तिच्या "हो" ला अर्थ येतो, कारण तिच्या "नाही" ला अर्थ आलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो रसिकांकडून येईल. ते म्हणतील, "रसास्वादाच्या क्षणी नटी ही व्यक्ती म्हणून उरतच नाही, शृंगार साधारण होतो, असे आमच्या साहित्यशास्त्रानेच सांगितले आहे. मग तेथे तिच्या घरादाराची चौकशी कशाला?" अभिनवगुप्ताचा हा विचार आम्हांस शिरोधार्य आहे. रसास्वादात व्यक्ती विसरली जाते हे खरे. पण पडदा पडल्यावर ती आठवावी लागते. रस साधारण झाला म्हणून पायांतील चाळांचे ओझे साधारण होत नाही. ते तिलाच वाहावे लागते.

आता आमच्या शहरातील आजच्या प्रकाराकडे वळू. सुरेखा पुणेकर यांच्या 'नटरंगी नार'सारख्या कार्यक्रमांनी लावणी तंबूतून आणि थिएटरातून मध्यमवर्गाच्या नाट्यगृहात आणली. पुढे केवळ स्त्रियांसाठी लावणीचे प्रयोग होऊ लागले. नारायण पेठेतून नदीवरचा पूल ओलांडला की बालगंधर्व रंगमंदिर लागते. १९६८ साली उघडलेल्या त्या रंगमंदिरातही असे प्रयोग झाले. तेथे येणाऱ्या स्त्रिया शिक्षिका, बँकेतील नोकरदार, सुना-नातवंडांच्या आज्या अशा सर्व प्रकारच्या. त्या शिट्ट्या वाजवितात, वन्समोअर मागतात, खुर्च्यांच्या रांगांमधून उठून नाचतात. जन्मभर पदर सावरण्यात गेलेल्या बाईला तीन तास पदराची आठवण राहू नये, यात आम्हांस काहीही गैर दिसत नाही. उलट पाहून आनंदच होतो. पुरुषाच्या नजरेचा जाच नसलेल्या जागी नाचणारीलाही थोडा मोकळा श्वास मिळत असेल, हेही संभवनीय आहे.

परंतु प्रयोग संपतो आणि प्रेक्षक स्त्रिया घरी जातात. ज्या बाईच्या अदेवर त्या भाळल्या तिला त्यांतील किती जणी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावतील? तिची मुलगी आपल्या मुलाच्या वर्गात आली तर किती जणी त्या मुलीला घरी खेळावयास येऊ देतील? तिने भाड्याने घर मागितले तर आमच्या पेठेत तिला घर कोण देईल? ही कटू विचारणा आम्ही मुद्दाम करीत आहोत. पूर्वी सरदार-जमीनदार दौलतजादा करून उठून जात. त्यांच्या जागी आता तिकीट काढून सुशिक्षित स्त्री उठून जाणार असेल, तर मैफलीचा यजमान तेवढा बदलला, फड आहे तेथेच राहिला. एका वर्गाच्या स्त्रीची मोकळीक दुसऱ्या वर्गाच्या स्त्रीच्या कलंकावर उभी राहात असेल, तर तिला स्त्रीवाद हे नाव देताना जीभ अडखळली पाहिजे. परदेशी चित्रपट पाहणाऱ्या सुशिक्षित स्त्रीसही हाच प्रश्न लागू आहे. निर्मातीच्या जागी स्त्रीचे नाव वाचून समाधान मानू नये, काम करणारीशी करार कोणता झाला हे पाहावे.

याहून निराळी वाटही आहे, आणि ती महाराष्ट्रातच दाखविली गेली आहे. भूषण कोरगांवकर यांनी 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ साली लिहिले, त्यावरून त्यांनी व सावित्री मेधातुल यांनी त्याच नावाचा जो कार्यक्रम सिद्ध केला, त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावती केवळ नाचत नाहीत, त्या बोलतात. अदा म्हणजे काय, बैठकीची लावणी खड्या लावणीहून वेगळी कशी, बारीचा व्यवहार कसा चालतो, हे स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या विनोदाने सांगतात, आणि प्रेक्षकांस त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहावे लागते. जिला आपण पाहिले तिने आपल्यालाही पाहिले, ही जाणीव घेऊन माणूस बाहेर पडतो. शृंगाराला त्यामुळे ओहोटी लागत नाही. त्यातील मिंधेपणा तेवढा निघून जातो.

असो. मुलांच्या हाती काय पडावे आणि काय पडू नये, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तेथे वडीलधाऱ्यांचा धाक असलाच पाहिजे. आम्ही बोललो ते जाणत्या स्त्रीपुरुषांविषयी. घरातील लेकीसुना उद्या अशा एखाद्या प्रयोगाला निघाल्या, तर त्यांस अडविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. त्यांनी जावे, मनसोक्त हसावे, शिट्टी येत असल्यास तीही वाजवावी. मात्र परत येताना रंगमंदिराच्या मागल्या दाराशी क्षणभर थांबून, जिने आपल्याला इतका आनंद दिला तिला तिचे पुरते नाव विचारावे, आणि चैत्र आला म्हणजे त्या नावाने एक निमंत्रण धाडावे. तिने यावयाचे की नाही हे तिचे तिने ठरवावे.